म्हातारपणीचा ठसका: जीभ आणि गिळणं कसं सांभाळायचं

घरातल्या वयस्कर माणसाला जेवताना ठसका लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं आणि कुणीतरी म्हणतं, "अप्पा, हळू खावा की." पहिली गोष्ट बहुतेक वेळा चुकीची असते आणि दुसरी अपुरी. खोकत असताना पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाण्याचीच भीती जास्त. आणि अप्पा हळूच खात असतात, गिळण्याची जुळणी थोडी विस्कटलेली असते.

या जुळणीत मोठा वाटा जिभेचा आहे. जिभेकडे आपण चवीपुरतं बघतो. पण ती स्नायूंची बनलेली आहे आणि मांडीच्या, दंडाच्या स्नायूंसारखीच वयानुसार तिचीही ताकद उतरते. ही ताकद व्यायामाने काही प्रमाणात परत मिळवता येते. ते कसं, आणि तोवर ताटात काय बदलायचं, ते सोलापूरकडच्या खाण्यापिण्याला धरून इथे सांगतो.

आत नेमकं काय होतं

घास चावून झाला की जीभ तो गोळा करते, टोक वरच्या दातांमागे टेकवते आणि पुढून मागे टाळूवर दाबत घास घशाकडे ढकलते. इथपर्यंतचं काम आपल्या ताब्यात असतं. पुढचं आपोआप होतं: मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, कंठ (गळ्यावर पुढच्या बाजूला बोटाला लागणारा उंचवटा) वर आणि पुढे उचलला जातो, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण येतं, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदात उरकतो.

वय वाढतं तसे जिभेतले स्नायू बारीक होतात आणि त्यांत चरबीचं प्रमाण वाढतं. घास ढकलायला वेळ लागतो, घशातली क्रिया सुरू व्हायला किंचित उशीर होतो आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी असलेल्या खाचांत थोडं अन्न उरतं. लाळ कमी झाली असेल तर घास नीट बांधलाही जात नाही.

एक गोष्ट मात्र फसवी आहे. रोजचा घास गिळायला जिभेची पूर्ण ताकद लागतच नाही. त्यामुळे जास्तीत जास्त ताकद घटत गेली तरी जेवण व्यवस्थित चाललेलं दिसतं. चैत्र-वैशाखातल्या विहिरीसारखं आहे हे: पोहऱ्याला पाणी लागतंय तोवर तळ किती वर आलाय ते कळत नाही. मग एखादा न्यूमोनिया, कंबरेचं ऑपरेशन किंवा आठ-दहा दिवसांचं अंथरूण होतं, आणि काल भाकरी खाणाऱ्या आजीला आज पाणीही जात नाही. म्हणून दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात सांभाळायचे.

पहिली पायरी: ताटाशेजारी बसून बघा

तपासणीची सुरुवात निरीक्षणाने करा. दोन-तीन जेवणं शेजारी बसून नुसतं बघा, टोकू नका. जेवायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतोय का? एका घासाला दोन-तीनदा गिळावं लागतंय का? पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा येतोय का? जेवण झाल्यावर गालात अन्न राहतंय का? कवळी सैल होऊन खटखट वाजतेय का? ठसका घट्ट घासाला लागतो की पाणी-चहाला, हे वेगळं लिहून ठेवा. डॉक्टरांना ही एक ओळ फार उपयोगी पडते.

आणखी दोन सोप्या चाचण्या घरी होतात. कंठावर हलकं बोट ठेवून ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा नुसती लाळ गिळायला सांगा. तोंड कोरडं असेल तर आधी जीभ ओली करून घ्या. बोटाखालून कंठ वर सरकून खाली आला की एक मोजायचं. तीनपेक्षा कमी झाले तर गिळण्याची तपासणी करून घ्यायला हवी. दुसरी चाचणी उच्चारांची: "पा-पा-पा", मग "ता-ता-ता", मग "का-का-का", प्रत्येक पाच सेकंद, शक्य तितक्या भराभर. "पा" ओठांची, "ता" जिभेच्या शेंड्याची आणि "का" जिभेच्या मागच्या भागाची चपळाई दाखवतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून सावकाश मोजा. जपानमध्ये दंतवैद्य हीच चाचणी वापरतात आणि यातला कुठलाही उच्चार सेकंदाला सहापेक्षा कमी वेळा झाला तर तोंडाची हालचाल मंदावली असं धरतात. तिथे जीभ टाळूवर किती दाब देते हे यंत्राने मोजतात आणि ३० किलोपास्कलच्या खालचा आकडा कमकुवत मानतात.

महिन्यातून एकदा वजन बघा. सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटलं, म्हणजे ६० किलोचा माणूस ५४ वर आला, तर त्याला "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

आणि ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. काहींच्या घशाची जाणीवच बोथट झालेली असते. अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि खोकला येतच नाही. अशा माणसाला पुन्हा पुन्हा ताप येतो, छातीत कफ होतो, आणि घरचे हवा बदलल्याला दोष देत राहतात.

दुसरी पायरी: कुणाला आधी डॉक्टरकडे न्यायचं

वयाने गिळणं मंदावतं, पण निव्वळ वयाने ते बंद पडत नाही. तसं झालं तर मागे आजार शोधावा लागतो: अर्धांगवायू, कंपवात, स्मृतिभ्रंश, अन्ननलिकेतली गाठ, तोंडाचा कॅन्सर.

अचानक गिळता येईना, सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक हात लुळा पडला तर घरी तपासण्या करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि तोंडातून काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, मग पातळही अडकतंय, असा चढता क्रम असेल तर अन्ननलिकेची दुर्बिणीतून तपासणी लांबवू नका. जिभेवर किंवा गालात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणं ही लक्षणं तंबाखू, मिश्री, मावा, सुपारी घेणाऱ्यांत विशेष गंभीर. आपल्याकडे सत्तरीच्या आजीला मिश्री सोडा म्हणणं म्हणजे घरात भांडण लावून घेणं, हे मान्य. पण निदान दर महिन्याला उजेडात जीभ बाहेर काढायला लावून दोन्ही कडा बघता येतात. जीभ एका बाजूला झुकतेय किंवा तिच्यात सतत बारीक फडफड दिसतेय तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

सोलापुरात कुठून सुरुवात करायची असं विचाराल, तर कान-नाक-घसा विभागातून. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आपलं सिव्हिल, तिथली ओपीडी हा एक रस्ता आहे. तिथे किंवा खासगीत "स्पीच थेरपिस्टकडे गिळण्याची तपासणी करायची आहे" असं स्पष्ट सांगा. स्पीच थेरपिस्ट फक्त तोतरेपणासाठी असतो असा आपल्याकडे समज आहे. गिळण्याचे उपचार हेही त्यांचंच काम. गरज पडल्यास नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम पाजून एक्स-रेच्या चलचित्रावर गिळणं बघतात.

तिसरी पायरी: बसणं आणि पिणं

फुकटात होणारा आणि लगेच उपयोगी पडणारा बदल हा आहे. मांडी घालून, पाठ वाकवून, टीव्हीकडे मान वर करून जेवणं बंद. हाताची खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकलेले, पाठीशी उशी, ताट कोपरांच्या उंचीवर. अंथरुणाला खिळलेल्याला उशांचा टेकू देऊन जमेल तेवढं सरळ बसवा, आडवं ठेवून घास भरवू नका. भरवणाऱ्याने उभं राहू नये, समोर त्याच उंचीवर बसावं, नाहीतर खाणारा मान वर करतो. जेवण झाल्यावर अर्धा तास बसूनच राहायचं.

वरून पाणी पिण्याची आपली सवय या वयात सोडलीच पाहिजे. तांब्या उष्टा होऊ नये म्हणून मान मागे टाकून धार घशात सोडायची, हे तरुणाला जमतं. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते आणि धार जिभेच्या ताब्यात राहतच नाही. ज्याचा त्याचा पेला वेगळा ठेवा, उष्ट्याचा प्रश्न मिटतो. पेला रुंद तोंडाचा हवा म्हणजे तळ गाठायला मान उचलावी लागत नाही. गोळी घेतानाही झटक्याने डोकं मागे नको. हनुवटी सरळ, घोट छोटा. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याने काहींना खूप फायदा होतो, पण सगळ्यांना नाही. ते थेरपिस्टने बघून सांगावं.

एक घास पूर्ण गिळला, तोंड रिकामं झालं, मगच दुसरा. मध्ये एकदा नुसतं कोरडं गिळायला सांगा, घशात उरलेलं खाली जातं. बोलणं तेवढं जेवणानंतर. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढणाऱ्यांना हे कोण सांगणार, पण घरी तरी पाळा.

चौथी पायरी: ताट

आता मुख्य मुद्दा. "पातळ म्हणजे गिळायला सोपं" हे अर्धंच खरं आहे. चावायला सोपं, एवढंच. पाणी, चहा, ताक, पातळ आमटी हे पदार्थ घशात इतक्या वेगाने उतरतात की मंदावलेल्या घशाला वेळेत दार लावता येत नाही. थोडं दाट, एकजीव, निसरडं अन्न सावकाश उतरतं. पण फार दाट आणि चिकट झालं तर कमकुवत जिभेला ते ढकलवत नाही. आपल्याला मधली जागा शोधायची आहे.

सगळ्यात अवघड असतात ते पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ. आणि नेमकं तेच सोलापूरच्या ताटात मानाचं: पातळ आमटीत मोडलेली कडक भाकरी. तोंडात गेल्यावर रस्सा पुढे पळतो आणि तुकडे जिभेवरच राहतात. भाकरी सोडायची गरज नाही, कुस्करा नीट करायचा. आमटी जरा घट्ट करा, भाकरी बारीक चुरा, दहा-पंधरा मिनिटं झाकून मुरू द्या, मग हाताने मळून चमचाभर तूप घाला. वाटी तिरकी केल्यावर कडेला पाणी सुटताना दिसलं तर अजून चुरा मिसळा. मधे कडक कण लागत असेल तर अजून मुरू द्या. ज्यांना चावणं जवळजवळ बंद आहे त्यांच्यासाठी घासातला कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, असं गिळण्याच्या आंतरराष्ट्रीय मापात धरलेलं आहे. हरभऱ्याच्या डाळीच्या दाण्याहून बारीक म्हणा.

शेंगा चटणी कोरडी पूड म्हणून घेतली की हमखास ठसका. उखळात कुटलेली तेलकट चटणी मिक्सरच्या पुडीपेक्षा बरी, पण तीही बारीक वाटून दह्यात कालवूनच द्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि जिभेच्या स्नायूलाही प्रथिनं लागतातच. वयस्कर माणसाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्यांचं हे गणित कधीच जुळत नाही. शिवाय बिस्कीट चहात बुडवलं की तेही पुन्हा पातळ-घट्ट मिश्रणच. घट्ट वरण, मऊ शिजवलेलं पिठलं, दही, मऊ अंडं, चालत असेल तर बारीक खिमा रश्शात शिजवून, असं वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील इथे फार कामाची. एकजीव, निसरडी, हवी तेवढी दाट करता येणारी. हुलग्याचं माडगंही तसंच. फक्त एक खबरदारी: लाळेने पिठाचा दाटपणा मोडतो. उष्टा चमचा वाटीत वारंवार बुडत राहिला की शेवटची आंबील पाण्यासारखी होते. लहान वाटीत थोडी थोडी घ्या.

तिखट बंद करायची घाई नको. वयाबरोबर वास आणि चव कमी लागतात, सपक जेवण पुढ्यात आलं की माणूस खाणंच कमी करतो. शिवाय मिरचीतल्या तिखट द्रव्यामुळे वृद्धांमध्ये गिळण्याची क्रिया लवकर सुरू होते, असं जपानी संशोधकांना आढळलं आहे. ॲसिडिटी नसेल तर शिजलेलं, रश्शातलं बेतशीर तिखट चालेल. कोरडी मिरची पूड मात्र नको.

जानेवारी महिना ताटाच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचा. सिद्धेश्वरांच्या यात्रेला पाहुणे येतात, गड्ड्यावरून, म्हणजे यात्रेतल्या जत्रेतून, खाऊ येतो, शेतावर हुरड्याचं आमंत्रण असतं आणि घरोघर तिळगूळ. हुरड्याचे सुटे दाणे, चिवडा, चुरमुरे हे तोंडात गोळाच होत नाहीत, विखुरतात. कडक तिळगूळ चावत नाही आणि चिकटतो. मंगळवेढ्याच्या पाहुण्यांनी कितीही प्रेमाने दिला तरी कमकुवत गिळणाऱ्याला हुरडा वाटूनच द्या: दह्यात, बारीक, चमच्याने. आषाढी एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरईचा मऊ भात आणि त्यात मुरलेली घट्ट दाण्याची आमटी.

पाण्याबद्दल जपून. ठसक्याच्या धास्तीने आणि रात्री उठावं लागतं म्हणून म्हातारी माणसं पाणी तोडतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तोंड कोरडं पडतं, घास अजून अडकतो, आणि हे चक्र चालू राहतं. दिवसभर छोटे छोटे घोट, दही, आंबील, रसाळ फळांचा गर असं विभागून द्या. बाजारात पाणी दाट करायच्या पावडरी मिळतात, पण त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. दाट पाणी आवडत नाही म्हणून माणूस पिणंच सोडतो आणि शरीरातलं पाणी कमी होतं.

पाचवी पायरी: जिभेची तालीम

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या दहा निरोगी माणसांनी आठ आठवडे जीभ दाबण्याचा व्यायाम केला. सगळ्यांचीच जिभेची ताकद वाढली आणि गिळतानाचा दाबही वाढला. माणसं दहाच होती, पण जीभ या वयातही कमावता येते एवढं यातून दिसतं.

घरी असं करा. जीभ पूर्ण टाळूला चिकटवून जोरात दाबा, तीन सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. मग स्टीलच्या चमच्याची पाठ जिभेच्या टोकापुढे धरून जिभेने ती बाहेर ढकलायची आणि हाताने अडवायची. तसंच डावीकडे, उजवीकडे. जोर पुरेसा लागायला हवा, नुसतं जीभ हलवण्याने ताकद वाढत नाही. एका वेळी तीस दाब, दिवसातून तीन वेळा, आठवड्यातून तीन दिवस, हे त्या अभ्यासातलं प्रमाण. सुरुवात दहावरून करून हळूहळू तिथवर जा.

दुसरा व्यायाम हनुवटीचा. हाताचा टॉवेल घट्ट गुंडाळून हनुवटीखाली धरा (सोलापुरात टॉवेलला काय तोटा) आणि हनुवटीने तो छातीकडे दाबा. आधी दहा सेकंद धरून ठेवा, मग दाबा-सोडा असं दहा वेळा. कंठ वर उचलणारे स्नायू यात कामाला लागतात. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तिसरा: लाळ गिळताना सगळी ताकद लावून, जीभ टाळूवर आवळून गिळा. पाच-सहा वेळा पुरे. हे तिन्ही व्यायाम रिकाम्या तोंडाने करायचे. जुना अर्धांगवायू, कंपवात असेल तर थेरपिस्ट क्रम ठरवून देईल.

पोथी मोठ्याने वाचणं, भजन म्हणणं याने जीभ आणि श्वास चालता राहतो. ताकदीच्या व्यायामाची जागा ते घेत नाही, पण अप्पांना चमचा ढकलायला सांगण्यापेक्षा अभंग म्हणायला सांगणं सोपं असतं, तेव्हा दोन्ही करा. आणि आठ आठवड्यांनी थांबू नका. सोडलं की कमावलेली ताकद उतरते, आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी चालू ठेवा.

तोंड, कवळी, गोळ्या

लाळ आणि अन्नकण थोडे फार श्वासनलिकेत जाणारच. त्यांच्यासोबत तोंडातले जंतू किती जातात यावर न्यूमोनिया होणार की नाही हे बरंचसं ठरतं. म्हणून दिवसातून दोनदा दात, हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने साफ करा. दात नसले तरीही. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. सैल कवळी दुरुस्त करून घ्या, ती सांभाळण्यातच जिभेचा वेळ जातो.

झोपेच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हे थेट विचारा. गोळी कुटून द्यायची असेल तर आधी औषध दुकानदाराला विचारा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असलेल्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

घास अडकलाच तर

माणूस खोकू शकतोय, बोलतोय, तर त्याला खोकू द्या. पाणी नको, घशात बोट घालणं नको. आवाजच निघत नाही, हात गळ्याकडे गेलाय, ओठ निळे पडतायत, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच जोरदार थपडा द्या. सुटलं नाही तर मागून कंबरेला मिठी मारून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके. आलटून पालटून हेच करत राहा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्ध हरपली तर जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मध्यभागी दाब देणं सुरू करा.

घास निघाला तरी पोटावर झटके दिले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्या, आतल्या अवयवांना इजा झालेली असू शकते. पुढचे दोन-तीन दिवस ताप, धाप किंवा छातीतली घरघर याकडे लक्ष ठेवा.